लांडगे वाढले, आता काय करायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेने आणि पश्चिम युरोपाने लांडगा जवळजवळ संपवला होता. बंदूक, सापळे, विष, मारणाऱ्याला सरकारी बक्षीस, सगळं वापरून झालं. आज तोच लांडगा परत आला आहे आणि त्याच्यावरून संसदा, न्यायालयं आणि गावच्या बैठका तापल्या आहेत. या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माळरानावरच्या भारतीय लांडग्याची गोष्ट वेगळी आहे, ती इथे घेतलेली नाही.

लांडगे खरंच वाढलेत, की नुसतीच 'लांडगा आला रे आला'ची आरोळी आहे?

वाढलेत, आणि याबाबत दोन्ही बाजूंचं एकमत आहे. युरोपीय आयोगाच्या आकडेवारीनुसार युरोपीय संघात २०१२ मध्ये साधारण ११ हजार लांडगे होते. २०२३ मध्ये ते २० हजारांच्या वर गेले. जर्मनीत दीर्घ खंडानंतर २००० साली पहिल्यांदा एका जोडीने पिल्लं वाढवली. ही जोडी पोलंडच्या सीमेलगत लुसाशिया भागात, लष्कराच्या सरावाच्या मैदानात राहत होती. २०२३-२४ च्या मोजणीत त्याच देशात २०९ टोळ्या भरल्या. इटलीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शंभरेक लांडगे उरले होते, २०२०-२१ च्या देशव्यापी पाहणीत आकडा ३,३०० च्या आसपास आला.

अमेरिकेत अलास्का सोडलं तर सर्वांत जास्त लांडगे मिनेसोटात आहेत, सुमारे २,७००. तिथून ते पूर्ण नाहीसे कधी झालेच नव्हते. पश्चिमेकडच्या राज्यांत मिळून २०२२ च्या अखेरीस साधारण २,८०० होते.

त्यांना कुणी आणून सोडलं का?

अमेरिकेच्या पश्चिम भागात, हो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून पकडून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणि ३५ मध्य आयडाहोत सोडले. कोलोराडोत २०२३ च्या डिसेंबरात ओरेगॉनमधून आणलेले दहा सोडले.

युरोपात मात्र ते चालत आले. फ्रान्सच्या मर्कांतूर भागात १९९२ मध्ये जे लांडगे दिसले ते इटलीतून आल्प्स ओलांडून आलेले होते. जर्मनीत पोलंडमधून आले. आधी कायद्याने मारणं थांबलं, मग डोंगरातली शेतं ओस पडत गेली, जंगल वाढलं, हरणं आणि रानडुकरं वाढली. ताट वाढलेलंच होतं. 'सरकारने रात्री ट्रकमधून आणून सोडले' ही अफवा युरोपातल्या जवळपास प्रत्येक देशात ऐकू येते, पण जनुकीय तपासणीतून त्यांच्या वाटेचा माग लागतो. शिवाय तरुण लांडगा जोडीदार शोधायला टोळी सोडून निघाला की शेकडो किलोमीटर जातो. गळ्यात कॉलर असलेला स्लोव्हेनियातला एक नर २०११-१२ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियामार्गे इटलीत व्हेरोनाच्या वरच्या डोंगरांत पोहोचला. तिथे त्याला मादी मिळाली.

मग भांडण नेमकं कशावरून आहे?

वरवर पाहिलं तर आकड्यावरून. एक बाजू म्हणते फार झाले, दुसरी म्हणते अजून पुरेसे नाहीत. पण थोडं खोदलं की दोन वेगळेच प्रश्न निघतात. लांडगा हवा की नको हे ठरवतं कोण? आणि ठरलं की त्याची किंमत कोण मोजतं? ठरवणारे बहुसंख्येने शहरात राहतात आणि मोजणारे मूठभर लोक डोंगरात.

कोलोराडोत हे मतपेटीतच दिसलं. लांडगा परत आणायचा का, यावर नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदान केलं आणि ५०.९ टक्क्यांनी ठराव पास झाला. होकार आला तो मुख्यतः डेन्व्हर-बोल्डरच्या शहरी पट्ट्यातून. लांडगे सोडायचे होते डोंगरापलीकडे, पश्चिमेला, जिथल्या बहुतेक काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, नकार दिला होता. स्वित्झर्लंडमध्ये त्याच वर्षी सप्टेंबरात उलट्या बाजूने तेच घडलं. लांडगा मारणं सोपं करणारा शिकार कायदा ५१.९ टक्के लोकांनी फेटाळला आणि डोंगराळ कँटनांचं, म्हणजे प्रांतांचं, मत वाया गेलं. मग संसदेने दोनच वर्षांत नवा कायदा केला, तोही लांडग्यासाठी आधीच्यापेक्षा कडक.

लांडगे वर्षाला किती जनावरं मारतात?

युरोपीय आयोगाच्या २०२३ च्या अहवालात संघभराचा आकडा आहे वर्षाला सुमारे ६५,५००. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मेंढ्या आणि शेळ्या. संघात मेंढ्या आहेत साधारण ६ कोटी, म्हणजे लांडग्याने मारलेल्या मेंढ्यांचं प्रमाण ०.०६५ टक्के. अमेरिकेतही एकूण गुरांच्या मृत्यूंमध्ये लांडग्याचा वाटा एक टक्क्याहून कमी भरतो. रोगराई, बाळंतपणातले मृत्यू, थंडी, भटकी कुत्री यांच्यापुढे तो आकडा किरकोळच आहे.

हे आकडे खरे आहेत आणि लांडग्याच्या बाजूने बोलणारे ते नेहमी पुढे करतात. माझी हरकत आकड्याला नाही, तो ज्याच्या तोंडावर फेकला जातो त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक होते याला आहे. सरासरी मेंढी कधीच मरत नसते. सहा कोटी मेंढ्यांमागे अमुक इतक्या अशी विभागणी करून लांडगा येत नाही. तो एका रात्री एका मेंढवाड्यात शिरतो, वीस-पंचवीस मेंढ्या पाडतो आणि पलीकडच्या दरीतल्या शंभर कळपांकडे वर्षभर फिरकत नाही. देशाच्या हिशोबात जे शून्य पूर्णांक काहीतरी असतं, ते त्या माणसाच्या हिशोबात वर्षाची कमाई असते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

उलट बाजूनेही हीच चूक होते. एका मेंढवाड्याचं रक्ताळलेलं छायाचित्र दाखवून 'पशुपालन संपलं' असं ओरडणं म्हणजे तो एक कळप सगळ्या देशावर पसरवणं.

एका रात्रीत वीस मेंढ्या? खातो तर एकच. मग उगाच का मारतो?

क्रौर्य नाही आणि मौजही नाही. रानात हरणांच्या कळपावर झडप घातली की एक सापडतं, बाकीची पळून जातात, पाठलाग तिथेच संपतो. कोंडलेल्या मेंढ्यांना पळायला जागा नसते. त्या समोरच धावत राहतात आणि धावणारं भक्ष्य दिसत राहतं तोपर्यंत लांडग्याचं झडप घालणं थांबत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरल्यावर हेच होतं.

नुकसानभरपाई मिळते ना? मग तक्रार कशाची?

मिळते, पण पंचनामा झाला तर. मेंढीच्या जखमेतली लाळ कापसाच्या बोळ्यावर घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात आणि मारणारा लांडगाच होता, कुत्रा नव्हता, हे सिद्ध करावं लागतं. जर्मनीत हे नमुने गेल्नहाउझेन इथल्या केंद्रात जातात. मेंढी कोंडलेली असेल तर हे जमतं. अमेरिकेत हजारो एकरांच्या सरकारी कुरणावर उन्हाळ्यात सोडलेलं वासरू मेलं, तर ते सापडेपर्यंत गिधाडांनी आणि अस्वलांनी पुरावा खाऊन टाकलेला असतो. कित्येकदा वासरू सापडतच नाही.

मग न दिसणारं नुकसान उरतं. मॉन्टानातल्या एका अभ्यासात आढळलं की ज्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, लांडग्याने जनावर मारल्याचं सिद्ध झालं होतं, तिथल्या वासरांचं विकायच्या वेळचं सरासरी वजन २२ पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी कमी भरलं. घाबरलेली गुरं एकत्र गोळा होतात, नीट चरत नाहीत. मेलेल्या एका वासरापेक्षा हा तोटा मोठा असू शकतो.

कोलोराडोने हे ओळखून एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई ठेवली, शिवाय कमी भरलेलं वजन आणि हरवलेली गुरंही हिशोबात धरली. परिणाम असा की २०२५ मध्ये दोनच रँचचे दावे तीन लाख डॉलरच्या पुढे गेले. राज्यात लांडगे किती होते तेव्हा? काही डझन.

कुंपण आणि राखण कुत्री लावली की प्रश्न सुटत नाही का?

मेंढ्यांच्या बाबतीत बराच सुटतो. नीट ताणलेलं विजेचं कुंपण, रात्री मेंढवाडा आणि लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवलेली मोठी राखण कुत्री, हे तिन्ही एकत्र असलं तर हल्ले लक्षणीय घटतात. फ्रान्समध्ये पायरेनीजचा पांढरा 'पातू' कुत्रा, इटलीत मारेम्मा, तुर्कस्तानात कांगाल, या जाती यासाठीच तयार झाल्या. जिथे लांडगा कधी संपला नाही, तिथे ही विद्याही संपली नाही. जिथे तो शंभर वर्षं नव्हता, तिथे लोकांनी कुत्री ठेवणं सोडलं, मेंढपाळाचा पगार वाचवला, मेंढ्या मोकळ्या सोडायची सवय लावून घेतली. आता शून्यातून शिकायचं आहे.

दोरीला लाल कापडाच्या पताका लावून कळपाभोवती बांधायची पूर्व युरोपातली जुनी युक्तीही वापरतात. लांडगा ती दोरी ओलांडायला बिचकतो. पण काही आठवड्यांनी, फार तर दोन महिन्यांनी, त्याला कळतं की यात काही दम नाही. दोरीत वीज सोडली तर थोडं जास्त टिकतं.

गुरांच्या बाबतीत उत्तर इतकं सोपं नाही. हजारो एकरांना कुंपण घालता येत नाही. तिथे घोड्यावरून फिरून राखण करणारी माणसं ठेवणं, मेलेली जनावरं लगेच हलवणं, विण्याच्या काळात गाई घराजवळ आणणं, असे उपाय आहेत. प्रत्येकाला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. त्यात आल्प्समध्ये एक वेगळीच पंचाईत: राखण कुत्री डोंगर चढायला आलेल्या पर्यटकांनाही लांडगाच समजतात.

शिकार केली की हल्ले कमी होतात का?

वादाचा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हा आहे.

२०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या दोन संशोधकांनी आयडाहो, मॉन्टाना आणि वायोमिंगमधली पंचवीस वर्षांची आकडेवारी तपासून सांगितलं की लांडगे मारले तर पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले वाढतात, निदान एका मर्यादेपर्यंत. बातमी जगभर गेली. मग दुसऱ्या दोन गटांनी तीच आकडेवारी घेतली, गणिताची पद्धत बदलली आणि निष्कर्ष उलटा काढला: मारले की हल्ले घटतात. आजही दोन्ही बाजू आपापला शोधनिबंध घेऊन सभेला येतात.

माझ्या मते यापेक्षा उपयोगी काम २०१५ मध्ये त्याच तीन राज्यांतून आलं. त्यात प्रश्न साधा होता. एका टोळीने गुरं मारली, त्यानंतर पुढचा हल्ला किती दिवसांनी झाला? काहीच केलं नाही तर मध्यक १९ दिवस. टोळीतले काही लांडगे मारले तर ६४ दिवस. अख्खी टोळी काढली तर ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षांनी काय होतं? जागा रिकामी राहत नाही, नवी जोडी येते.

म्हणजे गुरं मारणारी नेमकी टोळी, नेमक्या वेळी काढली तर त्या रँचला उसंत मिळते. पण परवाना घेऊन निघालेला हौशी शिकारी जंगलात खोलवर जो लांडगा दिसेल तो मारतो. त्या लांडग्याने कदाचित आयुष्यात कधी गाय पाहिलेलीच नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्लोव्हाकियात अनेक वर्षं लांडग्याची कायदेशीर शिकार चालली. तिथल्या अभ्यासात शिकारीचा आणि मेंढ्यांच्या नुकसानीचा संबंध आढळला नाही, यात नवल वाटू नये.

आणखी एक तर्क मांडला जातो: टोळीतले आई-बाप मारले गेले तर उरलेल्या पोरक्या तरुणांना मोठं हरण पाडता येत नाही आणि ते सोप्या शिकारीकडे, म्हणजे मेंढ्यांकडे वळतात. काही ठिकाणी असं घडतं, पण सगळीकडे घडतंच असं म्हणायला आधार नाही.

'व्यवस्थापन' म्हणजे शेवटी मारणंच ना?

सरकारी कागदात हा शब्द आला की बहुधा तोच अर्थ असतो. पण मारण्यातही फरक आहे. फ्रान्समध्ये मेंढपाळाला कळपाच्या रक्षणासाठी गोळी झाडायची परवानगी मिळते आणि वर्षभरात देशात किती लांडगे मारता येतील याला अंदाजित संख्येच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा घातलेली असते, २०२४ मध्ये ती १९ टक्के होती. स्वित्झर्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून नुकसान होण्याआधीच, प्रतिबंधक म्हणून पिल्लं आणि टोळ्या मारता येतात. वायोमिंगच्या सुमारे ८५ टक्के भूभागावर लांडगा 'उपद्रवी श्वापद' आहे. तिथे त्याला मारायला परवाना लागत नाही, हंगामही नाही आणि मर्यादाही नाही. २०२४ मध्ये याच राज्यात एका माणसाने लांडग्याला स्नोमोबाइलखाली चिरडून अर्धमेल्या अवस्थेत दारूच्या गुत्त्यात आणल्याचं उघड झालं. तेव्हा दंड झाला २५० डॉलर. शिकाऱ्यांच्या संघटनांनीही त्याचा निषेध केला.

या तिन्हींना एकाच शब्दात कोंबणं म्हणजे मलमपट्टी आणि अवयव कापणं या दोन्हींना 'उपचार' म्हणण्यासारखं आहे.

विस्कॉन्सिनमध्ये २०२१ साली नेमकं काय झालं?

जानेवारी २०२१ मध्ये लांडगा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून निघाला. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार तो यादीतून निघाला की शिकारीचा हंगाम घ्यावाच लागतो. एका शिकारी संघटनेने न्यायालयात जाऊन तो लगेच, फेब्रुवारीतच घ्यायला लावला. हा माजाचा काळ, माद्या गाभण असण्याचा. परवानाधारकांसाठी मर्यादा होती ११९. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले, बहुतेक कुत्र्यांच्या झुंडी सोडून. 'हंगाम बंद' असं जाहीर केल्यानंतर तो प्रत्यक्ष बंद व्हायला चोवीस तास लागतील अशी तरतूद होती, त्यात बाकीचे गेले.

ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या वाट्याला करारांनुसार ८१ लांडगे आले होते. त्यांनी एकही मारायचा नाही असं ठरवलेलं होतं. त्यांच्या कथेत 'मा'ईंगन', म्हणजे लांडगा, पहिल्या माणसाचा भाऊ आहे. जे एकाचं होईल तेच दुसऱ्याचं होईल, असं ते मानतात. त्यांनी वाटा घेतला होता तो लांडगे वाचवायला. तो हिशोब कुणी जुमानला नाही.

कायदा इतका वर-खाली का होतो?

अमेरिकेत लांडगा कधी यादीत, कधी यादीबाहेर, हा खेळ पंधरा-वीस वर्षं चालू आहे. २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पाच्या विधेयकाला शेपूट जोडून आयडाहो-मॉन्टानातल्या लांडग्यांचं संरक्षण काढलं. संसदेने एखादी प्रजाती स्वतःच यादीतून काढण्याची ही पहिलीच वेळ. ग्रेट लेक्स भागात संरक्षण निघालं आणि २०१४ च्या अखेरीस न्यायालयाने परत आणलं. २०२१ मध्ये देशभर निघालं, फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने पुन्हा बहाल केलं, उत्तर रॉकी पर्वतराजी मात्र वगळून. अशा अनिश्चिततेत रँचवाल्याचा सरकारवर विश्वास बसणं कठीण आणि संरक्षकाचाही.

युरोपात बदल उशिरा झाला, पण झपाट्याने. वन्यजीवांच्या रक्षणासाठी युरोपातल्या देशांनी केलेला बर्न करार १९७९ चा, युरोपीय संघाचा अधिवास निर्देश १९९२ चा. दोन्हींत लांडग्याला कडक संरक्षण होतं. ३ डिसेंबर २०२४ रोजी बर्न कराराच्या समितीने त्याला 'कडक संरक्षित'मधून 'संरक्षित'मध्ये उतरवलं आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपला निर्देश त्याला जुळवून घेतला. आता प्रत्येक देशाला अधिक मोकळीक आहे, पण संख्या 'अनुकूल स्थितीत' ठेवायचं बंधन कायम आहे.

स्पेनचा किस्सा सांगायलाच हवा. तिथे २०२१ मध्ये डुएरो नदीच्या उत्तरेकडच्या लांडग्यांची शिकार बंद झाली होती. मार्च २०२५ मध्ये संसदेने ती बंदी उठवली, तीही अन्नाच्या नासाडीविरुद्धच्या कायद्यात एक दुरुस्ती घालून. लांडग्याने खाल्लेली मेंढी म्हणजेही अन्नाची नासाडीच, असं कुणाला वाटलं असावं.

युरोपचा निर्णय एका तट्टामुळे झाला, हे खरं का?

सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लोअर सॅक्सनीत एका लांडग्याने युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांच्या कुटुंबाचं डॉली नावाचं तट्टू मारलं. एवढं खरं. पुढच्या वर्षी आयोगाने लांडग्याचा दर्जा तपासायला घेतला, हेही खरं. दोन्हींचा संबंध जोडणं टीकाकारांना आवडतं. पण शेतकरी संघटनांचा दबाव त्याआधीपासून होता आणि २०२४ च्या निवडणुकीत ग्रामीण मतं हवी होती. तट्टू नसतं तरी हे झालं असतं असं मला वाटतं, फक्त मथळे इतके चांगले मिळाले नसते.

किती लांडगे 'पुरेसे'?

उत्तर रॉकी पर्वतराजीसाठी अमेरिकी सरकारने लक्ष्य ठरवलं होतं: तीन राज्यांत मिळून ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या, सलग तीन वर्षं. ते २००२ मध्येच गाठलं. रँचवाले म्हणतात, तुम्ही ३०० म्हणाला होतात, आता हजारो आहेत, शब्द पाळा. संरक्षक म्हणतात, ३०० ही तळाची ओळ होती, ती छताची उंची समजू नका. दोघांचंही बरोबर आहे. तेव्हा ठरवणाऱ्यांनी छताबद्दल काहीच लिहून ठेवलं नाही, हा खरा घोळ.

स्वीडनमध्ये आकड्याचं राजकारण आणखी उघड आहे. किमान ३०० हा आकडा १७० वर आणण्याची भूमिका सरकारने घेतली. पण तिथली सगळी लांडगे-वस्ती १९८० च्या दशकातल्या एका जोडीपासून आणि १९९१ च्या सुमारास आलेल्या एका नरापासून वाढलेली आहे, नंतर बाहेरून अगदी थोडे आले. जवळच्या नात्यात वीण होत राहिली की पिल्लं कमजोर निघतात. अशा वस्तीत १७० हा आकडा कागदावर जितका भरीव दिसतो तितका रक्ताने नाही.

लांडगे आपली संख्या स्वतःच आवरत नाहीत का?

आवरतात, पण आपल्याला सोयीच्या आकड्यावर नाही. यलोस्टोनमध्ये २००३ मध्ये १७४ होते. मग लांडग्यांच्याच आपसातल्या मारामाऱ्या, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग आणि खरूज यांनी संख्या उतरली आणि कित्येक वर्षं शंभरच्या आसपास राहिली. तिथे शिकार बंद आहे. मात्र सीमेबाहेर नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात उद्यानाच्या टोळ्यांतले वीसहून जास्त लांडगे सीमा ओलांडताच मारले गेले.

दुसरं टोक लेक सुपीरियरमधल्या आयल रोयाल बेटावर दिसलं. तिथे लांडगे आणि मूस ही मोठी हरणं यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. नात्यातल्या विणीने लांडगे घटत घटत दोनच उरले आणि मूस दोन हजारांवर जाऊन जंगल ओरबाडू लागले. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणावे लागले.

त्रासदायक लांडगे दुसरीकडे नेऊन सोडले तर?

ऐकायला बरं वाटतं. कोलोराडोत आणलेल्या पहिल्या दहांपैकी काही अशा टोळ्यांतले होते ज्यांनी ओरेगॉनमध्ये गुरं मारली होती. त्यांच्यातल्याच एका जोडीला पिल्लं झाली, त्यांनी पुन्हा गुरं मारली, २०२४ मध्ये टोळी पकडली, २०२५ मध्ये दुसरीकडे सोडली, तिथेही तेच. अखेर त्यातला एक तरुण लांडगा सरकारनेच मारला.

माणसावर हल्ला करतात का?

क्वचित. नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने २००२ ते २०२० मधल्या जगभरच्या घटना गोळा केल्या: ४८९ जण जखमी किंवा मृत, त्यातले २६ मृत. यातल्या बहुतेकांना पिसाळलेल्या लांडग्याने चावलं होतं. युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून १४ बळी, मृत्यू दोन, दोन्ही उत्तर अमेरिकेत.

तरी 'धोका शून्य' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. नेदरलँड्ससारख्या दाटीच्या देशात माणसाला सरावलेले लांडगे दिसू लागलेत. जुलै २०२५ मध्ये उत्रेख्त प्रांतात एका लांडग्याने लहान मुलाला चावून फरपटत नेलं, मोठ्यांनी सोडवलं. कुणी खायला घालतं, कुणी फोटोसाठी जवळ जातं, आणि मग लांडगा माणसापासून लांब राहणं विसरतो. याच देशात लांडग्यांना पेंटबॉलच्या बंदुकीने पळवून लावायची योजना आखली गेली, तर न्यायालयाने ती थांबवली. असा एखादा लांडगा वेळीच काढला तर बाकीच्यांवरचा राग कमी होतो, असं मला वाटतं.

लांडग्यांनी यलोस्टोनच्या नद्यांचा मार्ग बदलला म्हणतात...

लांडग्यांनी एल्क ही मोठी हरणं कमी केली, मग झाडं वाढली, काठ सावरले आणि नद्याही बदलल्या, असं सांगणारा तो व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला आहे. गोष्ट सुंदर आहे, पण अर्धीच. एल्क खरोखर घटले. उत्तरेकडचा कळप १९९० च्या दशकाच्या मध्यातल्या सुमारे १९ हजारांवरून २०१३ मध्ये चार हजारांखाली आला. पण त्यात अस्वलं, प्यूमा, दुष्काळ आणि उद्यानाबाहेरची माणसांची शिकार यांचाही हात होता. विलोची झुडपं काही ठिकाणी वाढली, काही ठिकाणी नाही. वीस वर्षं चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर गेल्यामुळे ओढे खोल कापले गेले होते, पाण्याची पातळी उतरली होती, आणि फक्त लांडगे आणून ते पूर्ववत झालं नाही.

लांडग्याचा फायदा पाहायचा तर विस्कॉन्सिनचा रस्ता पाहा. तिथे लांडगे आलेल्या काउंट्यांत हरणं वाहनांवर आदळून होणारे अपघात २४ टक्क्यांनी घटले. हरणं कमी झाली म्हणून नव्हे फक्त, तर ती रस्त्याच्या कडेने फिरायची बंद झाली म्हणून. वाचलेला पैसा गुरांच्या नुकसानीच्या ६३ पट होता. फक्त तो वाचला गाडीवाल्यांचा, आणि नुकसान झालं गुरं पाळणाऱ्याचं.

'अल्फा लांडगा' मारला की टोळी मोडते, म्हणतात?

'अल्फा', म्हणजे टोळीचा म्होरक्या, हा शब्द ज्यांनी लोकप्रिय केला त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच नंतर तो मागे घेतला. तो बंदिस्त, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आला होता. रानातली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. तेव्हा कुणी 'अल्फा मारला' असं म्हणालं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की पिल्लांचा बाप किंवा आई गेली.